दोष हुडकणारा सुतार : जॉन हॅरिसन

घरांतलें घड्याळ मागें पडूं लागलें म्हणजे आपण काय करतों ? प्रथम तें कानाशीं धरतों, मग हलवून पाहतों, मग त्याला कोणी हात लावला म्हणून घरांतील लहान मुलास रागें भरतों आणि शेवटीं घड्याळजीकडे नेऊन देतों. घड्याळजी मात्र घड्याळ हलवीत नाहीं. तो डोळ्यास भिंग लावून मागचें झांकण उघडतो आणि बराच वेळ नुसता पाहत बसतो. तेल सुकलें आहे काय, केसासारख्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांस चिकटले आहेत काय, आंसाचें टोंक झिजलें आहे काय, लोहचुंबकाची बाधा झाली आहे काय, असें एकेक कारण तो मनांत घेतो आणि एकेक सोडून देतो. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही या अंकांत देत आहोंत त्यानें अशा रीतीनें घड्याळाकडे पाहण्यांत आपलें सारें आयुष्य वेंचिलें. फरक इतकाच, कीं तो दुसऱ्यांच्या नव्हे, तर बहुधा स्वतःच्याच घड्याळांतील दोष हुडकीत बसला. आणि त्याच्या त्या बसण्यामुळें दर्यावर्दी लोकांस अफाट समुद्रावर आपण नेमके कोठें आहोंत हें कळूं लागलें.

जॉन हॅरिसन याचा जन्म १६९३ सालीं मार्चच्या २४ व्या तारखेस इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत फौल्बी नांवाच्या खेड्यांत झाला. बाप सुतार होता. मुलगा लहान असतांनाच हें कुटुंब लिंकनशायरमध्यें हंबर नदीच्या कांठीं बॅरो या गांवीं राहावयास गेलें. सहाव्या वर्षीं देवी आल्या असतां कोणी त्याच्या उशाशीं एक घड्याळ ठेविलें आणि त्याची टिकटिक ऐकत तो पडून राही, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. पण थोर माणसांच्या बाळपणीं अशा गोष्टी मागाहून चिकटतात, म्हणून आम्ही तिच्यावर भर देत नाहीं. खरी गोष्ट याहून चांगली आहे. गांवीं आलेल्या एका धर्मोपदेशकानें या सुताराच्या पोरास पदार्थविज्ञानावरील व्याख्यानांची एक हस्तलिखित प्रत वाचावयास दिली. तीं व्याख्यानें केंब्रिज येथील सॉंडरसन नांवाच्या अंध गणितीचीं होतीं. शाळेचें शिक्षण बेताचेंच झालेल्या या मुलानें ती संपूर्ण प्रत आकृत्यांसकट स्वतःच्या हातानें उतरून काढली आणि पुढें जन्मभर जपून ठेविली.

विसाव्या वर्षीं, म्हणजे १७१३ सालीं, त्यानें आपलें पहिलें मोठें घड्याळ पुरें केलें. तें जवळजवळ सगळें लांकडाचें होतें. सुताराला लांकूड कळतें. ओकच्या फळीचे दांते कोणत्या दिशेनें कापले असतां तुटत नाहींत हें पितळेच्या कारागिरास काय ठाऊक? पुढें ब्रॉकल्सबी येथील जमीनदाराच्या तबेल्यावर बसविण्यासाठीं एक मोठें घड्याळ त्याजकडे आलें. तें काम १७२२ च्या सुमाराचें. येथें त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली, आणि आमच्या मतें त्याच्या पुढील सर्व कर्तृत्वाचें मूळ याच गोष्टींत आहे. त्या काळचीं घड्याळें बिघडत तीं बहुतकरून तेलामुळें. तेल थंडींत घट्ट होई, उन्हाळ्यांत पातळ होई, धूळ धरी, वाळून चिकट होई, आणि घड्याळ कधीं मागें तर कधीं पुढें जाई. दुसरे कारागीर अधिक चांगलें तेल शोधीत होते. हॅरिसननें उलट प्रश्न विचारला : तेल लागावेंच कां ? कांहीं उष्ण देशांत एक झाड होतें, त्याचें लांकूड लोखंडासारखें कठीण आणि आंतून आपोआप तेलकट असतें. जेथें आंस फिरतात तेथें त्यानें हें लांकूड बसविलें. चाकाचे दांते एकेक करून सोडणाऱ्या खटक्यालाही तेल लागे. म्हणून त्यानें घासण्याऐवजीं टोळाच्या पायासारखा उडून बाजूस होणारा नवाच खटका योजिला. इंग्रज लोक अजून त्यास टोळाच्याच नांवानें ओळखतात. ब्रॉकल्सबीचें तें घड्याळ आज तीनशें वर्षांनींही चालतें आहे.

तेलाचा दोष गेला, उष्णतेचा राहिला. उन्हाळ्यांत लंबकाची कांब लांबते आणि घड्याळ मागें पडतें. जॉन व त्याचा धाकटा भाऊ जेम्स यांनीं पितळ व पोलाद या दोन धातूंच्या कांबी उन्हांत व थंडींत ठेवून त्या किती वाढतात हें मोजून पाहिलें. पितळ अधिक वाढतें, पोलाद कमी वाढतें. मग त्यांनीं दोन्ही धातूंच्या कांबी जाळीसारख्या आळीपाळीनें अशा जोडल्या, कीं पोलाद लंबकाला जेवढें खालीं ढकली तेवढेंच पितळ त्यास वर उचली. लंबक होता तेथेंच राही. पण हें घड्याळ खरोखर बरोबर चालतें आहे हें ठरवावयाचें कसें ? त्याहून चांगलें घड्याळ त्या गांवांत नव्हतें. बहुधा जगांतही थोडींच असतील! तेव्हां हॅरिसननें आकाशालाच साक्षीला घेतलें. खिडकीची कड आणि शेजाऱ्याच्या घराचें धुरांडें यांची रेघ धरून, ठराविक तारा त्या धुरांड्याआड केव्हां जातो हें तो रात्रींमागून रात्री पाहत बसे. तारा दर रात्रीं ३ मिनिटें ५६ सेकंद आधीं मावळतो, हें तर ठरलेलेंच आहे. या कसोटीनें पाहतां भावाभावांचीं घड्याळें महिन्याकांठीं एका सेकंदापेक्षां अधिक चुकत नव्हतीं. त्या काळचें खिशांतलें उत्तम घड्याळही दिवसास मिनिटभर चुके, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या धुरांड्यामागच्या तपश्चर्येचें मोल कळतें.

आतां खेड्यांतल्या या घड्याळाचा समुद्राशीं काय संबंध, हें बालवाचकांस सांगितलें पाहिजे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासांत १५ अंश, आणि चार मिनिटांत एक अंश. आपल्याकडे पूर्वीं मुंबईची वेळ निराळी व कलकत्त्याची निराळी असे, आणि दोहोंत सुमारें एक तास दोन मिनिटांचें अंतर होतें. हें अंतर कोणी मनानें ठरविलेलें नव्हतें. दोन शहरांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचा फरक आहे, तोच घड्याळांत दिसत होता. तेव्हां गलबतावरील माणसाजवळ स्वदेशाची वेळ दाखविणारें बिनचूक घड्याळ असेल, तर भर दुपारीं सूर्य डोक्यावर आला असतां त्या घड्याळाकडे पाहून तो आपला रेखांश सांगूं शकेल. अक्षांश सूर्यावरून किंवा ध्रुवावरून निघतो. रेखांशाची मात्र अशी सोय नाहीं. आणि घड्याळ ? लंबकाचें घड्याळ डोलत्या गलबतावर चालत नाहीं, आणि लहान घड्याळांचा तर त्या वेळीं कोणालाच भरंवसा नव्हता. १७०७ सालीं सर क्लाउड्स्ली शॉव्हेल याच्या आरमारांतील चार गलबतें सिली बेटांच्या खडकांवर आपटून हजारांहून अधिक माणसें एका रात्रींत बुडालीं. त्या अपघातास एकटी रेखांशाचीच चूक कारण होती असें म्हणतां येणार नाहीं. पण लोक हळहळले, आणि १७१४ सालीं पार्लमेंटानें कायदा करून अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश सांगणारी रीत जो काढील त्यास २०,००० पौंडांचें बक्षीस लाविलें. अर्धा अंश म्हणजे वेळेचीं दोन मिनिटें. सहा आठवड्यांच्या सफरींत दोन मिनिटें म्हणजे दिवसास तीन सेकंदांहून कमी चूक. खुद्द न्यूटन यासही समुद्राचें हेलकावणें, उष्णता, थंडी, दमटपणा हें सारें सोसून इतकें नेमकें चालणारें घड्याळ होईल असा भरंवसा वाटत नव्हता.

१७३० च्या सुमारास हॅरिसन आपले नकाशे घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी हॅले यानें त्यास जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडे धाडिलें. आपली युक्ति दुसऱ्या घड्याळजीस दाखवावयास हॅरिसन कचरत होता, आणि त्यांत नवल नाहीं. पण सकाळीं सुरू झालेलें त्यांचें बोलणें रात्रीं आठाच्या सुमारास संपलें, आणि ग्रॅहमनें या अनोळखी खेडवळ सुतारास बिनव्याजी पैसे देऊन निरोप दिला. ज्यास आपला प्रतिस्पर्धी म्हणतां आलें असतें त्याला असें साह्य करणारी माणसें थोडीं.

पांच वर्षांनीं पहिलें सागरी घड्याळ तयार झालें. वजन ७५ रत्तल, म्हणजे सुमारें ३४ किलो. लंबकाच्या जागीं एकमेकांस जोडलेले दोन दांडे होते. गलबत कलंडलें तर एकाची चूक दुसरा भरून काढी. १७३६ सालीं हॅरिसन हें घड्याळ घेऊन लिस्बनला गेला. परत येतांना किनारा दिसला तेव्हां गलबताच्या अधिकाऱ्यानें एक भूशिर ओळखलें, हॅरिसननें घड्याळाच्या आधारें दुसरेंच सांगितलें. हॅरिसनचें खरें ठरलें. अधिकाऱ्याचा हिशेब साठांहून अधिक मैलांनीं चुकला होता, आणि त्यानें तसें मोकळ्या मनानें लिहूनही दिलें.

आतां १७३७ सालची रेखांश मंडळाची सभा पाहा. मंडळांतील सगळे खूष होते. वेस्ट इंडीजच्या सफरीची कायद्यांत सांगितलेली परीक्षा मागून घ्यावयाची, एवढेंच हॅरिसनला करावयाचें होतें. पण त्या सभेंत घड्याळाचे दोष सांगणारा माणूस एकच निघाला, आणि तो म्हणजे हॅरिसन. हें फार मोठें आहे, यांत सुधारणा पाहिजे, थोडे पैसे व दोन वर्षें द्या, दुसरें करतों, असें त्यानें स्वतः होऊन सांगितलें. आम्हांस या प्रसंगीं नेहमीं वाटतें, कीं त्याच्या जागीं आपण असतों तर कदाचित् गप्प बसलों असतों.

दुसरें घड्याळ दोन वर्षांत झालें. तें अधिक भक्कम होतें. पण त्याच्या झुलत्या दांड्यांत हॅरिसनला एक सूक्ष्म चूक आढळली. गलबत एकदम वळलें तर दांड्यांचीं टोंकें बाहेर ओढलीं जात आणि त्यांचें झुलणें बदले. घड्याळ समुद्रावर गेलेंही नव्हतें. दुसऱ्या कोणास ही चूक दिसलीही नव्हती. त्यानें तें बाजूस ठेविलें आणि दांड्यांच्या जागीं वाटोळीं चाकें घालून तिसरें आरंभिलें. याच्या पायीं त्याचीं एकोणीस वर्षें गेलीं. सातशेंहून अधिक तुकडे, सारखी दुरुस्ती, सारखी निराशा. मंडळाकडून मधून मधून पैसे मागण्याची लाचारी वेगळीच. या वर्षांत त्यानें दोन मोठे शोध लाविले. पितळ व पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकत्र जोडल्या असतां उष्णतेनें जोडपट्टी वांकते, हा एक. या पट्टीनें घड्याळाची कमान उष्णतेप्रमाणें आपोआप कमीजास्त होई. चाकाच्या आंसाभोंवतीं पिंजऱ्यांत धरलेले लहान रूळ बसवून घर्षण कमी करणें, हा दुसरा. आज विजेच्या इस्त्रींत व कारखान्यांतील यंत्रांत या दोन्ही युक्त्या वेगवेगळ्या रूपांनीं वापरांत आहेत. पण ज्या घड्याळासाठीं त्या निघाल्या तें मात्र त्याच्या मनाजोगें चालेना. एवढीं जड चाकें सावकाश झुलत असतां मोठा झोंका व लहान झोंका यांस सारखाच वेळ लागत नसे. हा दोष एखाद्या तुकड्यांत नव्हता. मूळ योजनेंतच होता.

मध्यंतरीं, १७५३ सालीं, जेफरीज नांवाच्या लंडनच्या घड्याळजीनें हॅरिसनच्या सूचनेप्रमाणें त्याच्याकरितां एक खिशांतलें घड्याळ करून दिलें होतें. तें अपेक्षेहून फारच चांगलें चालूं लागलें. लहान चाक भराभर व मोठ्या झोंक्यानें फिरत असेल, तर गलबताच्या धक्क्यांनीं तें सहसा डळमळत नाहीं, हें हॅरिसनला कळून चुकलें. साठीच्या घरांत आलेल्या माणसानें आपलें आयुष्यभराचें मोठें यंत्र सोडून तळहातावर मावणाऱ्या घड्याळाकडे वळावें, ही गोष्ट लिहिण्यास सोपी आहे.

चौथें घड्याळ १७५९ सालीं पुरें झालें. व्यास सव्वापांच इंच, वजन तीन रत्तल, सेकंदास पांच ठोके. आंत हिऱ्याचे व माणकांचे बारीक तुकडे बसविले होते. १७६१ च्या नोव्हेंबरांत हॅरिसनचा मुलगा विल्यम तें घेऊन ‘डेप्टफर्ड’ गलबतानें जमेकास निघाला. बाप त्या वेळीं अडुसष्ट वर्षांचा होता. वाटेंत गलबतावरील पेय नासलें आणि खलाशी कासावीस झाले. मदीरा बेट अमुक दिवशीं दिसेल असें विल्यमनें घड्याळावरून सांगितलें. गलबतावरील इतरांचा हिशेब वेगळा होता. बेट विल्यमच्याच सांगण्याप्रमाणें दिसलें. जमेकास पोंचेपर्यंत ८१ दिवसांत घड्याळ अवघें पांच सेकंद मागें पडलें होतें.

येथें आनंदानें चरित्र संपावयाचें. पण रेखांश मंडळ म्हणालें, हा योगायोग असेल. शिवाय जमेकाचा रेखांश तरी कोठें पक्का ठाऊक आहे? १७६४ सालीं बार्बाडोसची दुसरी सफर झाली. ४७ दिवसांत चूक ३९ सेकंद. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तरी बक्षीस मिळेना. १७६५ सालीं नवा कायदा झाला : घड्याळ उघडून त्याचें सर्व गुपित दाखवावें म्हणजे अर्धें बक्षीस, आणि तशींच आणखी घड्याळें होऊं शकतात हें सिद्ध झाल्यावर उरलेलें. त्या ऑगस्टमध्यें हॅरिसननें सहा तज्ज्ञांसमोर आपलें घड्याळ स्क्रूशः सोडून दाखविलें. पहिल्या दहा हजारांपैकीं आधींची उचल वजा करून राहिलेली रक्कम त्यास मिळाली, आणि घड्याळ त्याच्या हातांतून गेलें.

मंडळावर सगळा दोष टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. एकच म्हातारा जगांत एकच घड्याळ करूं शकत असेल, तर शेंकडो गलबतांचें त्यानें कसें भागावें ? ही शंका रास्त होती. नवा राजज्योतिषी मॅस्केलिन चंद्राचें ताऱ्यांपासूनचें अंतर मोजून रेखांश काढण्याच्या रीतीचा पुरस्कर्ता होता, आणि ती रीतही खरी होती. पुढें किती तरी वर्षें खलाशांनीं ती वापरली. परंतु त्याच मॅस्केलिनकडे हॅरिसनच्या घड्याळाची परीक्षा सोंपविणें हें बरें दिसलें नाहीं. १७६६ सालीं तो तिन्ही मोठीं घड्याळें नेण्यास हॅरिसनच्या घरीं आला, तेव्हां मजुरांच्या हातून पहिलें घड्याळ खालीं पडलें. उरलेला प्रवास त्यांनीं कमानी नसलेल्या गाडींतून खडबडीत रस्त्यानें केला. चौथ्या घड्याळाची ग्रिनिच येथें दहा महिने परीक्षा झाली. तें पुढें धावत होतें, आणि निकाल प्रतिकूल लागला. सोडून जोडलेल्या घड्याळाची वेळ नव्यानें लावावी लागते, हें कोणताही घड्याळजी सांगेल.

इतक्यांत लार्कम केंडॉल या कारागिरानें मंडळाच्या सांगण्यावरून चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रत केली. कप्तान कुक यानें १७७२ ते १७७५ च्या सफरींत दक्षिण गोलार्धांतील बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत ती नेली आणि परत आल्यावर तिची मनापासून वाखाणणी केली. घड्याळ एकट्या हॅरिसनलाच करतां येतें ही शंका अशा रीतीनें फिटली.

स्वतः हॅरिसननें मूळ घड्याळ जवळ नसतांना पांचवें घड्याळ केलें. अखेर तो व विल्यम राजा तिसरा जॉर्ज याजकडे गेले. विज्ञानाची आवड असलेल्या या राजानें १७७२ सालीं आपल्या खासगी वेधशाळेंत त्याची परीक्षा घेतली. पहिले कांहीं दिवस घड्याळ भलतेंच चुकूं लागलें. बिचाऱ्या म्हाताऱ्यास काय वाटलें असेल ! पण मग राजालाच आठवलें कीं शेजारच्या कपाटांत आपण लोहचुंबकाचे दगड ठेविले आहेत, असें सांगतात. ते दूर केले, घड्याळ सुधारलें, दहा आठवड्यांत चूक साडेचार सेकंदांची. राजाच्या पाठिंब्यानें पार्लमेंटानें १७७३ सालीं हॅरिसन यास ८,७५० पौंड दिले. त्या वेळीं तो ऐंशी वर्षांचा होता. मात्र रेखांश मंडळानें बक्षीस असें त्यास कधींच दिलें नाहीं.

१७७५ सालीं त्यानें एक पुस्तक छापिलें. लेखणी त्याच्या हातीं कधींच वश नव्हती. वाक्यें इतकीं लांब व गुंतागुंतीचीं, कीं विद्वानांनीं त्याची थट्टा केली. आपल्या पद्धतीचें लंबकाचें घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आंत राहील असें त्यांत म्हटलें होतें. यावर तर लोक हंसलेच. पुढच्याच वर्षीं, १७७६ च्या मार्चच्या २४ व्या तारखेस, आपल्या त्र्याऐंशीव्या वाढदिवशीं तो लंडन येथें वारला. त्याच्या तत्त्वांप्रमाणें केलेलें एक लंबकाचें घड्याळ २०१५ सालीं ग्रिनिच येथें मोहोरबंद करून शंभर दिवस तपासलें. चूक भरली पांच अष्टमांश सेकंद.

त्याचीं सागरी घड्याळें शंभर-सव्वाशें वर्षें जवळजवळ विसरलींच गेलीं होतीं. १९२० सालीं रुपर्ट गोल्ड नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यास तीं ग्रिनिच येथें काजळलेलीं, गंजलेलीं, बंद अशीं आढळलीं. हा काहीं घड्याळजी नव्हता. पण त्यानें तीं नीट करण्याचें काम एक पैही न घेतां पत्करलें. एकेक तुकडा सोडावा, घासावा, त्याचें चित्र काढावें, कां चालत नाहीं याचीं टिपणें लिहावीं, असें त्याचें तेरा वर्षें चाललें. एकट्या तिसऱ्या घड्याळानें त्यांतलीं सात वर्षें खाल्लीं. मजुरांनीं पाडलेलें पहिलें घड्याळ १९३३ सालीं पुन्हां झुलूं लागलें.

आज चारीही घड्याळें ग्रिनिच येथें पाहावयास मिळतात. पहिलीं तीन चालूं असतात, कारण त्यांस तेल लागत नाहीं. चौथें मात्र बंद ठेवितात. तेंच सर्वांत नेमकें, पण त्यास तेल लागतें. चालवीत ठेविलें तर तें झिजेल.